पोथी पाहायला जाताना हातमोजे न्यावेत का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही बँकेत नोकरी करता, संशोधक नाही. पणजोबा कीर्तनकार होते आणि त्यांच्या पोथीचं एकच पान घरात उरलंय. त्या पानावर डावीकडच्या समासात वर 'पां. प्र.' आणि उजवीकडे खाली ४३ असं लिहिलंय. जानेवारीत दोन दिवस पुण्यात आणि एक दिवस मुंबईत आहात. एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या दालनात बसून तशी पोथी एकदा हातात घेऊन पाहायची इच्छा आहे. तुम्ही विचारलंय की आत सोडतील का, पांढरे हातमोजे कुठे मिळतील आणि फोटो काढता येतील का.

पुण्यातल्या एका जुन्या संस्थेच्या हस्तलिखित विभागात मी सव्वीस वर्षं काम केलं. तुमच्यासारखे शेकडो लोक माझ्या टेबलासमोर बसून गेले. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण हातमोज्यांची नाही. 'जुनी पोथी बघायची आहे' एवढंच सांगितलंत तर समोरच्याला काय काढून द्यावं ते कळत नाही, आणि न कळल्यामुळे तो नाही म्हणतो. तुमच्याकडे तर नेमका धागा आहे. 'पां. प्र.' म्हणजे बहुतेक 'पांडवप्रताप', श्रीधर कवीचा, शके १६३४ म्हणजे १७१२ सालचा ओवीबद्ध ग्रंथ. घरोघरी वाचला जायचा, म्हणून त्याच्या नकलाही खूप झाल्या.

घरच्या पानाचं काम आधी उरकून घ्या. पोथ्यांमध्ये पानाचा आकडा साधारणपणे मागच्या बाजूला असतो. म्हणजे ४३ ज्या बाजूला आहे ती दुसरी बाजू, आणि मजकूर सुरू होतो तो आकडा नसलेल्या बाजूवर. बरेच जण आकडा दिसतो तीच बाजू आधी वाचतात आणि मजकूर तुटक लागतो म्हणून सोडून देतात. त्या ४३ च्या वर 'राम' लिहिलंय का तेही बघा, पुष्कळ लेखक, म्हणजे पोथीची नक्कल करून लिहिणारे, तसं लिहायचे. मग ओव्यांचे आकडे बघा. दर ओवीच्या शेवटी दोन उभ्या दंडांमध्ये क्रमांक असतो. पानात अध्याय संपत असेल तर अध्यायाचा आकडाही मिळेल. छापील पांडवप्रताप बाजारात सहज मिळतो, त्यात त्या ओव्या शोधा. क्रमांक एखाद-दोन ओव्यांनी मागेपुढे असेल, शब्दही थोडे वेगळे असतील. ते फरक वहीत टिपून ठेवा. ही एक संध्याकाळ तुम्ही घरी घालवलीत की ग्रंथालयात विचारायला तुमच्याकडे पक्का प्रश्न असेल: अमुक अध्यायाच्या अमुक ओव्या तुमच्याकडच्या हस्तलिखितात कशा आहेत? संशोधकही हेच करतो. त्यासाठी पदवी लागत नाही.

आता कुठे जायचं. पुण्यात हस्तलिखितं म्हटलं की सगळ्यांना भांडारकर प्राच्यविद्या संस्था आठवते, आणि ते रास्तच आहे. १९१७ साली स्थापन झालेली संस्था, तिथला सरकारी हस्तलिखित संग्रह प्रचंड आहे. ऋग्वेदाची तिथली हस्तलिखितं २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली. त्यात काश्मीरहून आणलेलं शारदा लिपीतलं भूर्जपत्रावरचं हस्तलिखितही आहे. पण तो संग्रह मुख्यतः संस्कृत-प्राकृताचा. तुमचं काम मराठी ओवीग्रंथाचं आहे, म्हणून तुम्ही आधी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली सुरू केलेलं हे मंडळ. गावोगावच्या वाड्यांमधून, मठांमधून गोळा केलेले मराठी कागद आणि पोथ्या तिथे आहेत. पुण्याचं पुराभिलेखागार यादीतून वगळा. तिथे पेशवे दप्तर आहे, कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद. मोडी येत नसेल तर तिथे नुसतं बघून परत याल.

मुंबईचा दिवस दोन ठिकाणी वाटता येईल. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ सालचं. छापलेल्या मराठी पुस्तकांसाठी याच्याइतकी मोलाची जागा मला दुसरी माहीत नाही. तिथे 'दोलामुद्रिते' म्हणून विचारा. मराठी छपाई पाळण्यात होती त्या काळातली, १८६७ पर्यंतची पुस्तकं. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली, त्याआधीची पुस्तकं कोणी जपली तर जपली. दुसरं ठिकाण फोर्टातला टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटी. संस्था १८०४ ची, इमारत १८३३ ला पुरी झाली. तीस पायऱ्या चढून त्या खांबांमधून आत गेलात की उंच छताची, लाकडी कपाटांची दालनं लागतात. दालनासाठीच जायचं असेल तर इथे जरूर जा. दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित याच संस्थेकडे आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं. ते कुणाच्या हातात मिळत नाही आणि मागूही नका. जाण्याआधी त्यांच्या 'ग्रंथ संजीवनी' या डिजिटल संग्रहात शोधा. पुष्कळ जुनी मराठी पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. स्कॅन उपलब्ध असताना मूळ प्रत मागितली, तर 'मूळच कशाला?' असा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं.

ते उत्तर असतंही. स्कॅनमध्ये मजकूर कळतो, वस्तू कळत नाही. कागद हातकागद आहे की गिरणीचा, तो घोटून गुळगुळीत केलाय का, उजेडासमोर आरपार बघितल्यावर गवताच्या चाळणीच्या रेघा दिसतात की विलायती कागदाचा जलचिन्हाचा ठसा, म्हणजे कागद करतानाच त्यात उमटवलेली खूण, हे प्रत्यक्षच बघावं लागतं. विलायती कागदात कधी कधी सालच उमटवलेलं सापडतं आणि बिनतारखेच्या पोथीचा काळ तिथल्या तिथे लागतो. त्या आधी ती लिहिलेली असूच शकत नाही. तुमचं पान खिडकीसमोर धरून बघितलंत का? एका हातात लोंबतं धरू नका. स्वच्छ काचेवर ठेवा, काच दोघांनी धरा आणि खालून मोबाइलचा टॉर्च लावा.

परवानगीचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे, आणि ते बदलतात. कुठे सभासदत्व लागतं, कुठे एक दिवसाचं शुल्क, कुठे ओळखपत्र आणि अर्ज पुरतो, कुठे एखाद्या प्राध्यापकाचं पत्र मागतात. त्या आठवड्यात पोथ्यांना औषध द्यायचं काम चालू असेल, जाणकार कर्मचारी रजेवर असेल, तरी नाही म्हणतील. म्हणून किमान तीन आठवडे आधी पत्र किंवा ईमेल पाठवा आणि मग फोन करा. पत्रात तुमचं नाव, कधी येणार, कोणता ग्रंथ, कोणता अध्याय, का, आणि घरच्या पानाचा एक फोटो. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम मी स्वतः अनुभवलाय. अर्जासोबत अशा एखाद्या पानाचा फोटो आला की आम्ही सगळे टेबलाभोवती जमायचो, आणि त्या माणसाला नाही म्हणणं जिवावर यायचं.

एक गोष्ट मनापासून सांगते. मागताना सर्वांत जुनी, सर्वांत सुंदर, चित्रांची पोथी मागू नका. साधी, पूर्ण, धड अवस्थेतली प्रत मागा. पांडवप्रतापाच्या एकाहून जास्त प्रती असतील तर 'त्यातली जी हाताळायला सर्वांत मजबूत असेल ती द्या' असं म्हणा. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस निर्धास्त होतो. तुमचं कामही त्या प्रतीवर होतं.

आणि जुनं म्हणजे नाजूक हा समजही सोडा. चिंध्यांपासून केलेला, जुन्नर-दौलताबादकडचा हातकागद अडीचशे वर्षांनंतरही वाकवला तर वाकतो. खरी भीती १८८० नंतरच्या स्वस्त पुस्तकांची. लाकडाच्या लगद्याचा कागद आणि त्यातली तुरटीची खळ, यांमुळे कागदातच आम्ल तयार होतं. तपकिरी पडलेलं पान कोपऱ्यात धरलं की पापडासारखं मोडतं. शंभर वर्षांची कादंबरी हातात देताना मला अडीचशे वर्षांच्या पोथीपेक्षा जास्त धाकधूक वाटायची.

आता हातमोजे. आणू नका. सिनेमात पांढरे सुती हातमोजे घालून ग्रंथ उघडताना दाखवतात, म्हणून ते नियमासारखं वाटतं. पण मोज्यातून पानाची जाडी बोटाला कळत नाही, एकाऐवजी दोन पानं उचलली जातात, सुताचा धागा फाटक्या कडेत अडकतो आणि दिवसभराची धूळ मोज्यावर बसून पुढच्या पानावर जाते. ब्रिटिश लायब्ररीसारखी मोठी ग्रंथालयंही आज स्वच्छ, कोरड्या हातांनीच पुस्तकं हाताळायला सांगतात. जुने फोटो, काचेच्या निगेटिव्ह यांना मोजे हवेत, तिथे बोटांचा ठसा कायमचा उमटतो. संस्थेचा नियमच मोज्यांचा असेल तर वाद न घालता घाला, पण बोटांना घट्ट बसणारे मागा.

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझर नको, क्रीम नको, डोक्याला तेल लावून आला असाल तर केसांना हात लावणं नको. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. ओढणी किंवा पदर खोचून घ्या, लोंबता पदर पानांवरून फिरतो आणि आपल्याला कळत नाही. जवळ फक्त पेन्सिल आणि कोरे कागद. पाण्याची बाटली दालनाबाहेर.

बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती घरीच मोडून या. यामागे नुसती शिस्त नाही. पोथी लिहिताना चूक झाली की लेखक त्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासायचे आणि वर पुन्हा लिहायचे. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आलाय. ही हरताळ म्हणजे सोमल (आर्सेनिक) आणि गंधकाचं संयुग, विषारी. तुम्हाला पोथीत ठिकठिकाणी पिवळे आयत दिसतील, त्यावर बोट घासू नका आणि ते बोट तोंडात तर मुळीच घालू नका. जुन्या विलायती बांधणीची, चकचकीत हिरव्या कापडाची पुस्तकं दिसली तर तिथेही हेच. १८४० ते १८६० च्या दशकांतल्या काही हिरव्या रंगांत सोमल असायचा. बघून झालं की हात धुवा.

आता टेबलावर काय होतं ते सांगते, म्हणजे पहिल्यांदा गोंधळणार नाही. पोथी येईल ती लाल किंवा पिवळसर कापडात, म्हणजे बासनात बांधलेली. गाठ कशी मारलीय ते आधी बघून ठेवा, परत तशीच मारायची आहे. आत दोन लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या फळ्या, मधे सुटी पानं. या क्षणी, पानांना हात लावण्याआधी, छताचा पंखा बंद करायला सांगा. लोक हे हमखास विसरतात. सुटी पानं आणि फिरता पंखा हे काय करतात ते एकदा बघितलेला माणूस आयुष्यभर वर बघूनच पोथी सोडतो.

मग पानं मोजा. आमच्याकडे मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची पद्धत होती, आणि ती वाचकाच्या भल्याची आहे. एखादं पान आधीच नसेल तर ते तुमच्यासमोर नोंदलं जातं. पोथी आडवी, टेबलावर सपाट ठेवा. हातात उचलून वाचायची नाही. पान उलटताना दोन्ही हातांनी दोन टोकं धरा आणि आपल्याकडची कड वर उचलून पान पलीकडे पालथं करा, छापील पुस्तकासारखं उजवीकडून डावीकडे नाही. वाचून झालेली पानं त्याच क्रमाने बाजूला. पान मऊ पडलं असेल तर खाली कोरा जाड कागद सरकवा आणि कागदासकट उचला.

दोन पानं चिकटलेली सापडली तर थांबा आणि कर्मचाऱ्याला बोलवा. हे मी ठासून सांगते, कारण नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात मी थांबले नव्हते. आपली जुनी शाई काजळी आणि डिंकाची. ओल धरली की डिंक सुटतो. माझ्या हातात एक पोथी होती, पानं ७१ आणि ७२ एकमेकांना धरून बसलेली. मी अंगठ्याचं नख मधे घातलं आणि हळूच ओढलं. पानं सुटली. पण ७१ वरची सात अक्षरं उठून ७२ वर उलटी, आरशात दिसावीत तशी बसली होती. ७१ वर त्या जागी नुसता फिका कागद. मी ते लगेच वरिष्ठांना दाखवलं, त्यांनी नोंदवहीत लिहिलं, मला रागावले नाहीत. ती सात अक्षरं आजही उलटीच आहेत. त्यानंतर मी पावसाळ्यात पोथ्या कमीत कमी बाहेर काढू लागले. तुम्ही जानेवारीत येताय हे फार बरं आहे, हवा कोरडी असते.

दादरला बांधीव पुस्तक हातात आलं तर रीत वेगळी. कपाटातून काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही, ते टोक तिथेच फाटतं. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकला आणि मधलं पुस्तक दोन्ही बाजूंनी पोटाशी धरून काढा. टेबलावर पूर्ण सपाट उघडू नका. दोन्ही पुठ्ठ्यांखाली टेकू हवा. खास फोमचे टेकू नसतील तर स्वच्छ टॉवेलच्या दोन गुंडाळ्या मागा, त्या तितक्याच कामाच्या. मधे घडीचा नकाशा किंवा चित्र असेल तर उलगडण्याआधी विचारा.

तिथे एक गंमत अनुभवायला मिळेल. सुरुवातीच्या काळात, गणपत कृष्णाजींसारख्यांच्या शिळाछापखान्यांतून, म्हणजे दगडावरून छपाई करणाऱ्या छापखान्यांतून, निघालेली पुस्तकं दिसायला हुबेहूब हस्तलिखित. काही तर पोथीच्याच आकाराची. ओळखायचं कसं? बोरूने लिहिलेल्या ओळीत शाई बुडवल्यावरची पहिली अक्षरं काळीभोर आणि पुढे फिकट होत जातात, मग पुन्हा काळीभोर. शिळाछापात सगळं पान एकसारखं काळं. तुमचं घरचं पान याच नजरेने एकदा बघा. पणजोबांची पोथी छापील निघाली तरी वाईट वाटून घेऊ नका, तशी पोथीही आज दुर्मिळ आहे.

फोटोंबद्दल: विचारल्याशिवाय एकही नाही. काही ठिकाणी शुल्क भरून मोबाइलने काढू देतात, काही ठिकाणी त्यांचाच माणूस काढून देतो, काही ठिकाणी मोजक्या पानांपुरतीच परवानगी. फ्लॅश बंद. फोन पानांवर एका हाताने धरू नका, निसटला की थेट पोथीवर पडतो. परवानगी मिळाली तर तुमच्या ओव्यांची पानं, पहिलं पान आणि शेवटचं पान एवढे फोटो घ्या. शेवटचं पान मुद्दाम सांगतेय. तिथे लेखकाने शक, तिथी, गाव, स्वतःचं नाव लिहिलेलं असू शकतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषात कधी कधी आणि माघ-फाल्गुनात ७९. त्याच्याखाली पुष्कळदा एक संस्कृत श्लोक असतो. त्यात पुस्तकच बोलतं: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. मी नव्या मुलांना हाताळणीचे नियम शिकवायचे तेव्हा आधी हा श्लोक वाचून दाखवायचे. त्यातलं 'सैल बांधणी' हे लोकांना नवीन वाटतं. पोथी सैल बांधली की पानं आत सरकतात, कडा झिजतात आणि कसरीला शिरायला वाट मिळते. परत करताना बासन नीट आवळून बांधायचं, पण दोरी पानांच्या कडेवर रुतू द्यायची नाही.

पोथी समोर आल्यावर तुम्हाला हात जोडावेसे वाटतील, खुशाल जोडा. फूल, हळद-कुंकू मात्र वाहू नका. जुन्या पोथ्यांच्या पहिल्या पानांवर तुम्हाला ते डाग दिसतीलच. त्यावरून ती पोथी पूजेत होती हे कळतं, पण नवा डाग घालायची आता गरज नाही.

राहता राहिलं तुमचं पान. ते लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, काचेच्या फ्रेममध्ये उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. आधी कुणी टेप लावली असेल तर ओढून काढू नका. दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा आणि सुती कापडात गुंडाळून पुण्याला बरोबर आणा. संस्थेत शिरताना दारावरच दाखवा आणि नोंद करून घ्या, म्हणजे बाहेर पडताना ते तुमचंच आहे का असा प्रश्न येणार नाही. मग दालनात त्यांच्या पोथीतलं त्याच ओव्यांचं पान आणि तुमचं पान शेजारी शेजारी ठेवा, मधे वीतभर अंतर सोडून. अक्षराचं वळण, समासाच्या रेघा, दंड तांबड्या शाईत आहेत की काळ्या, सावकाश बघा. एका दिवसात घाई होत असेल तर पुण्यातला दुसरा दिवसही तिथेच द्या. आणि त्या टिपलेल्या फरकांपैकी कुठले जुळले ते मला जरूर कळवा.